आवडू आजीला फोन करणारी बाई

कुडाळच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर डेल्सी रॉड्रिग्जला ठेवलं होतं ते हवामान वाचायला. सकाळी साडेसातला समुद्राची स्थिती आणि मच्छीमारांना सूचना, मग गाणी, आणि अकराच्या ठोक्याला कुणीतरी पाहुणा. पाहुण्याला प्रश्न विचारायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं, कारण केंद्रात मुळात माणसंच चार. ती रेडीची. बाप बाबुश बंदरात बार्जवर कामाला, आई रोझालिना शाळेत शिक्षिका. आई दिवसभर बोलायची आणि बाप दिवसभर ऐकायचा. पोरीने दोघांचंही थोडं थोडं उचललं होतं, पण ऐकणं जरा जास्त. एसटीत खिडकी मिळाली तरी तिचं लक्ष बाहेर नसे. मागच्या बाकावर कोण कुणाला काय सांगतंय, तिकडे कान.

ती तेवीस वर्षांची असताना, जानेवारीतल्या एका मंगळवारी, आंब्याच्या मोहरावर बोलायला येणारे कृषी अधिकारी आलेच नाहीत. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. अकरा वाजून दोन मिनिटं झाली. काचेपलीकडे केंद्राचा प्रमुख देवेश हातवारे करत होता, काहीतरी बोल, काहीही बोल. पुढच्या गाण्याची फाइल त्या दिवशी संगणकातून उघडत नव्हती. डेल्सीने डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि तिच्या तोंडून एक वेगळाच आवाज आला.

"सायबानू, मी आवडू बोलतंय. होय, आवडू. माझ्या कलमाक मोहर इलो हा, पण सगळो शेजाऱ्याच्या बाजूक. माझ्या बाजूक नुसती पानां. तर माका इतक्याच सांगा, मोहराक सातबारो वाचूक येता काय?"

मग ती थांबली. जणू पलीकडून साहेब काहीतरी सांगताहेत. "हां," म्हणाली. "हां... तां समाजला. पण सायबानू, फवारणी मी करतलंय आणि आंबे तो खातलो, ह्यां खंयच्या पुस्तकात आसा?"

अकरा मिनिटं ती अशी नसलेल्या साहेबाशी भांडली. बारा वाजायच्या आत केंद्रावर तीन फोन आले. एका माणसाने आजींचं गाव विचारलं; तो बांधाच्या भांडणात मध्यस्थी करतो म्हणाला. दुसऱ्याने तुडतुड्यांवरचं औषध सांगितलं. तिसरे कणकवलीकडचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचंही झाड असंच शेजाऱ्याकडे झुकलेलं होतं, आणि साहेबांनी शेवटी काय उत्तर दिलं ते लाइन खराब असल्यामुळे त्यांना ऐकू आलं नव्हतं.

देवेशने दुसऱ्याच दिवशी 'आवडू आजीचो फोन' रोज सव्वाअकराला लावून टाकला.

आवडू आजीने कुणाकुणाला फोन केले. वीज कचेरीला, एसटी स्टँडला, मुंबईच्या नातसुनेला, एकदा तर चंद्रावर गेलेल्या यानाला, की बाबा, तिकडून माझी हरवलेली म्हैस दिसते का बघ. पलीकडचा आवाज कधीच ऐकू यायचा नाही. तो ऐकणाऱ्याने मनात तयार करायचा. डेल्सीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पलीकडच्याला किती वेळ बोलू द्यायचं, एवढंच ती मनात मोजायची.

तिसऱ्या आठवड्यात, कार्यक्रम संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी, केंद्राचा फोन वाजला. डेल्सीनेच उचलला.

"आवडूक फोन देवा," एक बाई म्हणाली.

"बोला, मीच आवडू."

"तू चेडू आसस."

"हो, मुलगीच आहे. आजीचा आवाज मी काढते."

"काडतस बरो. पण आज चुकलंस. तोंडात पान घालून सरपंचाक फोन लावलंस. म्हातारी पान थुकल्याबगर मोठ्या माणसाक फोन लावणा नाय. आदी थुकता, मगे पदर सारको करता, मगे फोन."

"फोनवर पदर कोणाला दिसतो, मावशी?"

"तेका दिसणा नाय. तिका दिसता मां." आणि फोन ठेवला.

डेल्सी रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. तिला राग आला नव्हता. तिच्या कानात दुसरंच काही राहिलं होतं. बाईच्या बोलण्यामागे एक आवाज होता, पत्र्यावर पाऊस पडावा तसा, सतत, खटखट खटखट. फेब्रुवारी महिना, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि त्या बाईच्या मागे पाऊस पडत होता.

त्यानंतर ती बाई आठवड्यातून एकदा तरी फोन करायचीच. नाव विचारलं तर म्हणायची, "नाव घेवन काय लोणचा घालतलंस? ऐक." गाव विचारलं तर फोन ठेवायची. स्तुती एका वाक्यात आणि चूक चार वाक्यांत. एकदा म्हणाली, "हसण्याआदी तू वाईच थांबतस. थांबलंस काय आमका कळता, आता हसूचां हा. मगे आमी मुद्दाम हसणव नाय." डेल्सीने दुसऱ्या दिवसापासून थांबणं सोडलं. एकदा म्हणाली, "तुझी आजी सदीच बरोबर असता. अशी म्हातारी माका एक दाखव." तेव्हापासून आवडू आजी आठवड्यातून दोनदा तरी सपशेल हरायला लागली, आणि लोकांना ती जास्तच आवडायला लागली.

मागचा तो आवाज काय असावा, यावर केंद्रात पैजा लागल्या. देवेश म्हणाला, सुतारकाम. तांत्रिक बाजू बघणारी आकांक्षा म्हणाली, टाइपरायटर शिकवण्याचा क्लास. डेल्सीने घरी बापाला त्या आवाजाची नक्कल करून दाखवली. बाबुशने डोळे मिटून दोनदा ऐकली आणि म्हणाला, "एक यंत्र नाय तां. खूप आसत. आणि सगळ्यांचो ताल वेगळो."

अशी तीन वर्षं गेली. एके दिवशी केंद्राच्या दारात एक मोठी गाडी थांबली. कुडाळजवळच्या एका गावात दूरचित्रवाणीवरच्या कौटुंबिक मालिकेचं चित्रीकरण सुरू होतं, तिचे दिग्दर्शक स्वतः आले होते. त्यांना सगळे भाई म्हणत. मूळचे मालवणचे, पण चाळीस वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे मालवणी समजायची, बोलताना मात्र ओशाळायचे. शेजारच्या खाष्ट म्हातारीची भूमिका होती आणि त्यांना आवडू आजी हवी होती. आजींसाठी त्यांनी गाडीत उशी ठेवून आणली होती.

डेल्सी डबा खाऊन हात पुसत बाहेर आली. भाई तिच्या मागे बघत राहिले, की आजी अजून यायच्या आहेत.

"आजी कुठे आहेत?"

"ह्याच," देवेश म्हणाला.

भाईंनी एकदा गाडीतल्या उशीकडे बघितलं. मग म्हणाले, "वय?"

"सव्वीस."

"चेहऱ्याचं बघू काहीतरी. आवाज असा मला मिळणार नाही."

चेहऱ्याचं बघायला रोज दीड तास लागायचा. रबराच्या सुरकुत्या, पांढरे केस, काळे पाडलेले दात. पहिल्या दिवशी आरशात बघून डेल्सी इतकी हरखली की तिने तसाच फोटो आईला पाठवला. पण कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि सगळं बिघडलं. रेडिओवर ती डोळे मिटून, कानावर हात ठेवून बोलायची. इथे डोळे उघडे ठेवायचे, हात खाली सोडायचे, आणि पलीकडचं माणूस खरोखरच समोर उभं, वर ते उत्तरही देणार. चौदा वेळा तो एकच प्रसंग घेतला. शेवटी भाईंनी तिला उन्हात पाठमोरी बसवून घेतलं आणि काम उरकलं.

पहिला भाग दिसला तेव्हा रेडीच्या घरात पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळ्यांनी वाहवा केली. माणसं गेल्यावर रोझालिना म्हणाली, "आवाज तुझो आसा गो. पण तो तुझ्या तोंडातसून येत नाय असा दिसता. मागे कोणतरी बोलता आणि तू तोंड हलवतस."

डेल्सी रविवारी अजून केंद्रावर जायची आणि आठवड्याचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवायची. मालिका सुरू होऊन तीन आठवडे झाले, त्यानंतरच्या सोमवारी शूटिंगला सुट्टी होती म्हणून ती केंद्रावरच होती. कार्यक्रम वाजून संपला आणि फोन आला. मागे तोच पाऊस.

"बगलंव तुका," बाई म्हणाली.

"कसं वाटलं, मावशी?"

"आवाज तुझो. हात कोणाचे?"

"तू हात मांडयेर ठेवन बसतस, फोटो काडूक बसल्यासारी. म्हातारी कदी मोकळ्या हातान बसता काय? बगलंस कदी? भांडतानाय तिच्या हातात कायतरी असता. भाजी, वाती, नातवाचो शर्ट. तोंड भांडता, हात आपला काम करता. तुझे हात तुझ्या तोंडाकडे बगीत रवतत."

"मग काय करू?"

"तां माका काय विचारतस? मी काय नाटकात आसंय?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शूटिंगला जाताना डेल्सीने घरून फणसाच्या आठळ्यांची पिशवी नेली. सुनेला टोमणे मारण्याचा प्रसंग होता. ती पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि आठळ्या सोलता सोलता बोलत गेली. मध्येच एक आठळी किडकी निघाली. तिने ती बघितली, बाजूला फेकली आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं. भाईंनी एका झटक्यात प्रसंग पास केला. कॅमेरामन आपणहून म्हणाला की आठळ्या अजून आहेत का, जवळून घेऊ.

त्या दिवसापासून ती म्हातारी लोकांच्या तोंडी झाली. आठवडाभराने डेल्सी वाट बघत होती की बाईंचा फोन येईल, आता काहीतरी बरं बोलतील. फोन आला नाही. महिनाभर आला नाही. केंद्रावरच्या यंत्रात बाईंचा नंबर होता. तो तिने फिरवला, तर हा क्रमांक सेवेत नाही असं ऐकू आलं. काही महिन्यांनी वेळ पुरेना म्हणून डेल्सीने रेडिओचा कार्यक्रम सोडला. शेवटच्या भागात आवडू आजीने कुणालाच फोन केला नाही, नुसती फोनजवळ बसून राहिली, की आज तरी कुणी मला करील. लोकांना वाटलं हा विनोदच आहे. डेल्सीच्या मनात मात्र घट्ट बसलं होतं, की आपण टीव्हीत गेलो म्हणून बाई रागावल्या.

मालिका चार वर्षं चालली. करोनाच्या काळात मुंबईची बरीच माणसं अडकून पडली. भाईंचे दोन्ही सहायक तिकडेच राहिले. इथे गावात वीस माणसांनी एका घरात राहून भाग काढायचे होते. तेव्हा डेल्सी सुरकुत्या लावलेल्या तोंडानेच क्लॅप द्यायची, कपड्यांची नोंद ठेवायची, दुसऱ्यांना वाक्यं सांगायची आणि भाईंना प्रश्न विचारायची. कॅमेरा खाली का? दार अर्धंच का उघडायचं? ती रडते तेव्हा आपण तिच्याकडे न बघता भांड्याकडे का बघतोय? भाई आधी वैतागायचे. मग ते उत्तर देण्याआधी विचार करायला लागले. एकदा म्हणाले, "माहीत नाही. मी वीस वर्षं असंच करत आलोय. तू सांग, कसं घेऊया?" तो प्रसंग तिने घेतला.

मग आजीची भूमिका संपली. कथेत तिला देवाघरी धाडलं. सुरकुत्या काढल्यावर डेल्सीला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि तिच्या वयाच्या भूमिका द्यायला कुणी धजत नव्हतं. एका निर्मात्याने तर तोंडावर सांगितलं की तुम्ही बोलायला लागलात की आम्हाला म्हातारी दिसते. ती घरी येऊन यावर पोट धरून हसली. तिसऱ्या दिवशी भाईंकडे सहायक म्हणून रुजू झाली. पाच वर्षांत तिने जवळजवळ दोनशे भाग स्वतः दिग्दर्शित केले, आणि छत्तिसाव्या वर्षी एका वाहिनीने तिला तिची स्वतःची मालिका दिली, आठ भागांची. गावात दिवसाला एकच एसटी येते आणि त्या थांब्यावर काय काय घडतं, अशी हलकीफुलकी गोष्ट. नायिका काजूच्या कारखान्यात कामाला. म्हणून कारखाना बघायला डेल्सी वेंगुर्ल्याहून आत एका गावात गेली.

शेडच्या बाहेर गाडीतून उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. मे महिन्याचं ऊन होतं आणि आत पाऊस पडत होता.

बरोबर आलेल्या आकांक्षाने, जी आता तिच्याकडे संकलन करत होती, तिच्याकडे बघितलं. दोघींनीही तो ओळखला. आत साठ-सत्तर फूट लांब शेडमध्ये चाळीसेक बायका बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर काजू फोडायचं यंत्र, पायाने दाबायचं पॅडल, वर पातं. बी ठेवायची, पाय दाबायचा, खट, टरफल वेगळं, गर वेगळा. चाळीस पाय, चाळीस ताल.

डेल्सी दारातच उभी राहून आवडू आजीच्या आवाजात म्हणाली, "सायबानू, मी आवडू बोलतंय."

पाऊस थांबला. एकदम नाही, टोकाटोकाने. मग तिसऱ्या रांगेतली एक धिप्पाड, साठीकडे झुकलेली बाई न उठताच म्हणाली, "पान थुकलंस काय आदी?"

ती सुगंधा. हाताला राख आणि तेल लावलेलं, बोटांच्या टोकांना काजूच्या चिकाचे काळे डाग. डेल्सी तिच्याजवळ जाऊन पाटावर बसली तर सुगंधा म्हणाली, "साडी खराब होतली, चीक लागतलो." डेल्सी उठली नाही.

"मावशी, फोन तुम्हीच करायचात?"

"फोन माझो. बोलणां ह्यांचां." तिने हनुवटीने सगळ्या शेडकडे दाखवलं.

मग एकेकीने सांगितलं. खांबाला रेडिओ टांगलेला असायचा. सव्वाअकराला आवडू आजी लागली की सगळ्या ऐकत काम करायच्या. कार्यक्रम संपला की चर्चा. पानाची गोष्ट त्या कोपऱ्यातल्या बाईने काढली होती. आजी नेहमी बरोबर असते, हे म्हणणारी आता वारली. हसण्याआधी थांबतेस, हे सगळ्यांचंच मत. ठरलं की सुगंधा मागच्या दाराशी जाऊन फोन लावायची, कारण फोनवर न अडखळता बोलता येणारी ती एकटी.

"मग बंद का केलात? मी टीव्हीत गेले म्हणून?"

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. सुगंधा म्हणाली, "टीवीचां काय, तां आमी घराकडे बगा होतंव. रेडिओच काडून नेल्यानी. हसलां काय पाय जोरात दाबता. पाय जोरात दाबलो काय गर फुटता. सव्वाअकरा ते साडेअकरा नुसतो तुकडो पडा होतो. नवो मुकादम इलो, तेणी एक म्हयनो बगल्यान आणि रेडिओ काडल्यान. आणि माझो फोन त्याच आठवड्यात पाणी काडताना बावीत पडलो."

दहा वर्षं डेल्सी ज्या रुसव्याचं ओझं वाहत होती, ते असं निघालं. तिने तुटलेल्या गरांची टोपली कुठली असते ते विचारलं आणि मूठभर तुकडे घेऊन खात बसली.

तिला वाटलं होतं की सुगंधाला एखादी भूमिका द्यावी. सुगंधाने ऐकूनही घेतलं नाही. "माका तोंड दाखवूचां नाय. तू काय करतस तां माका दाखव. झाल्यार पयल्यांदा आमका दाखव, मगे मुंबैक."

म्हणून पहिला भाग जोडून झाल्यावर डेल्सीने टेम्पोत घालून मोठा टीव्ही कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत, शेडमधल्याच पाटांवर बायका बसल्या, डबे मांडीवर. भाग बावीस मिनिटांचा. डेल्सी टीव्हीकडे बघतच नव्हती. ती टीव्हीच्या बाजूला उभी राहून चेहरे बघत होती. पहिल्या विनोदाला कुणी हसलं नाही. दुसऱ्याला दोघी. आणि नवव्या मिनिटाला, जिथे एकही विनोद नव्हता, तिथे अख्खी शेड फुटली. नायक एसटीच्या थांब्यावर नायिकेचा निरोप घेतो, मुंबईला जातो, गणपतीला नक्की येतो असं सांगतो, असा तो प्रसंग. सिद्धेश नावाच्या मुलाने तो मन लावून केला होता. शूटिंगच्या वेळी मेकअपवाली रडली होती. इथे एकीच्या डब्यातली आमटी सांडली.

भाग संपल्यावर डेल्सी सुगंधाजवळ गेली. "तिथे काय होतं हसण्यासारखं?"

"तुका दिसूक नाय?" सुगंधाने तिच्याकडे नीट बघितलं. खरंच दिसलं नाही, हे तिला कळलं असावं. पण तेवढ्यात घंटा झाली आणि बायका उठल्या. "जा, बग," म्हणाली. "सांगलंय तर तुका काय मजा?"

डेल्सी आणि आकांक्षा कुडाळला परत येऊन थेट संकलनाच्या टेबलाशी बसल्या. नववं मिनिट लावलं. सिद्धेशचं तोंड बघितलं, काही नाही. नायिकेचं बघितलं. डेल्सीने डोळे मिटून नुसतं ऐकलं. वाक्यं बरी होती, कुठे अडखळ नव्हती. मग आकांक्षाने आवाज बंद केला आणि चित्र नुसतं चालू दिलं. तिसऱ्या वेळी डेल्सी म्हणाली, "थांब. मागे."

मागे थांब्याच्या बाकावर गावातलीच एक बाई बसवली होती, गर्दी दिसावी म्हणून. उन्हासाठी तिने छत्री उघडली होती. सिद्धेश म्हणतो, पोचल्यावर फोन करतो. छत्री जरा खाली येते. सिद्धेश म्हणतो, दर आठवड्याला करतो. छत्री आणखी खाली, तोंड दिसेनासं. सिद्धेश म्हणतो, गणपतीला नक्की येतो. छत्री थरथरायला लागते आणि बराच वेळ थरथरत राहते.

दोघींनी ते आठ-दहा वेळा बघितलं. प्रत्येक वेळी हसल्या.

भाईंना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "कापून टाक. इतका छान गंभीर प्रसंग, मागची बाई माती करते."

"भाई, ती का हसतेय?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. म्हणून कापत नाहीये."

भाग तसाच गेला. भाईंना तो तसा आवडला नाही आणि त्यांनी तसं सांगितलंही. पण लोकांनी छत्रीचा तेवढा तुकडा कापून एकमेकांना पाठवला, आणि वाहिनीने विचारलं की छत्रीवाली पुढच्या भागांत आहे ना. तोपर्यंत डेल्सीने तिला शोधून काढलं होतं. नाव सीता. थांब्यापासून दहा पावलांवर घर, दारात शेळ्या, अंगणात वाळत घातलेली कोकमं. टीव्हीतली माणसं पुन्हा आलेली बघून ती जरा घाबरली. तिला वाटलं, छत्री उघडली म्हणून ओरडायला आलेत.

"माका ऊन लागा होतां म्हणान..."

"छत्रीचं काही नाही," डेल्सी म्हणाली. ओट्यावर बसली. "तू हसलीस कशाला, तेवढंच विचारायला आलेय."

सीताने शेळीला ढकललं, पदराला हात पुसले आणि खालमानेने म्हणाली, "तो खोटां बोला होतो."

"तो नट आहे गो. त्याला लिहून दिलं होतं."

"तां माका खबर आसा. पण त्या गोष्टीत तो येतलो मां गणपतीक?"

"येतो. सहाव्या भागात."

"मगे तेणी तसा बोलूक होया." सीता आता वर बघत होती. "येतलो तो इतक्यांदा सांगणा नाय. माझो घो तीस वर्सां मुंबैत होतो. दर गणपतीक इलो. जाताना कदी येतंय म्हणाक नाय."

"मग नवरा जाताना काय म्हणायचा?"

सीता उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात तिने विचार बदलला. बाजूचं कोकमांनी भरलेलं सूप डेल्सीकडे दिलं, ओट्यावरून उतरली, अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "रव. दाखवतंय. तू आता मी, आणि मी तो."